दख्खनच्या कर्जदार शेतकऱ्यासाठी घडवलेले न्यायालय

डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट हा १८७९ सालचा १७ वा कायदा १ नोव्हेंबर १८७९ रोजी मुंबई इलाख्यातील पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्याने कोणाचेही कर्ज माफ केले नाही आणि सावकारीवरही बंदी घातली नाही. सावकाराचा दावा आल्यावर न्यायाधीशाने कोणाला बोलवावे, काय विचारावे, हिशेब किती मागे जाऊन तपासावा आणि हुकूमनामा झाल्यावर शेतकऱ्याच्या कशाला हात लावू नये, एवढेच त्याने ठरवून दिले. म्हणजे कर्जाचा प्रश्न त्याने न्यायालयाच्या कामकाजात शिरून सोडवायला घेतला. असा कायदा करण्याची वेळ का आली, हे कळण्यासाठी आधीची साठ वर्षे पाहावी लागतात.

पंचायतीकडून अदालतीकडे

पेशवाईत देण्याघेण्याचे तंटे बहुधा पंचायतीपुढे जात. निवाडा मान्य करू असे दोन्ही पक्ष आधी लिहून देत. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी या नावाने सरकारात रक्कम भरली जाई. वसुलीचे काम मात्र बरेचसे सावकारालाच करावे लागे. तो तगादा लावी, माणूस दारात बसवी, धरणे धरी. सरकार त्याच्या पाठीशी सहजासहजी उभे राहत नसे, म्हणून कर्ज देताना तो हात राखून देई. रयतेचे गाव, तिची बरकत आणि तिचा शब्द हेच त्याचे तारण असे. शिवाय व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा दामदुपटीचा दंडक सर्वांच्या ओळखीचा होता.

१८१८ साली पेशव्यांचा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष सांगितले आणि लोकांच्या सवयीची म्हणून ती टिकवावी असेही मांडले. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असताना १८२७ ची रेग्युलेशने तयार झाली. दिवाणी दाव्यांत सरकारी कायदा नसेल तेथे देशाचा रिवाज, तो नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्‌बुद्धी यांच्या आधारे निकाल द्यावा, असा क्रम चौथ्या रेग्युलेशनने लावून दिला. व्याजावर दरसाल दरशेकडा १२ ची मर्यादा होती. रोख्यावरील दाव्याला १२ वर्षांची मुदत होती. या चौकटीत पंचायतीला जागा ठेवली होती, पण अदालतीच्या हुकमामागे सरकारची सक्ती होती आणि पंचायतीमागे ती नव्हती. त्यामुळे दोन पिढ्यांच्या आतच पंचायत मागे पडली.

या बदलाचा धोका काही अधिकाऱ्यांच्या वेळीच लक्षात आला होता. जमीनमोजणी खात्याचा कॅप्टन जॉर्ज विंगेट याने १८५२ सालीच सरकारला बजावले होते की, नव्या न्यायालयांनी कर्जदार आणि सावकार यांच्यातला जुना तोल मोडला आहे आणि रयत सावकाराच्या मुठीत चालली आहे. त्यानंतरच्या कायद्यांनी ती मूठ आणखी घट्ट केली.

मुदत, रोखा आणि एकतर्फी हुकूमनामा

१८५५ साली व्याजावरील मर्यादा उठली. १८५९ साली दोन मोठे कायदे आले. त्यांपैकी दिवाणी प्रक्रियेच्या संहितेने दावा, पुरावा, हुकूमनामा आणि दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) यांची एकसारखी पद्धत घालून दिली. दुसरा कायदा मुदतीचा. नोंदणी न केलेल्या साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे त्याने ठरवले. जुन्या, विसरलेल्या कर्जासाठी कर्जदाराच्या मागे लागता येऊ नये, हा त्याचा हेतू चांगला होता. दख्खनच्या खेड्यात परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार रयतेला बोलावून नवे खत लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळे आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज चालू होई. अशी खते दर तीन वर्षांनी बदलत गेल्याने मूळचे थोडके कर्ज दहा-बारा वर्षांत ओळखू येणार नाही इतके वाढे. शेवटच्या कागदात मात्र एकच आकडा असे आणि त्याखाली रयतेचा अंगठा किंवा नांगराची निशाणी.

न्यायालयापुढे तो शेवटचा कागदच येई. खत खरे आहे का, एवढे न्यायाधीश पाही आणि खत बहुधा खरेच असे. त्या आकड्यात हातात पडलेले पैसे किती आणि व्याजावरचे व्याज किती, हे विचारण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्याने जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश अशी नीटस उतरंड लावली. लोक त्या दुय्यम न्यायाधीशाला जुन्या सवयीने मुन्सफच म्हणत. त्याच्यापुढे दाव्यांचे ढीग असत आणि ढीग किती लवकर उपसला यावर त्याच्या कामाचे मोल होई.

प्रतिवादी शेतकरी बहुतेक वेळा हजरच राहत नसे. कोर्ट दूर, वाटखर्च जड, वकिलाची फी हाताबाहेरची आणि पेरणी-काढणीचे दिवस घालवून जायचे ते कशासाठी, तर आपणच अंगठा केलेला कागद नाकारायला. कित्येकदा समन्स त्याच्यापर्यंत पोहोचतही नसे. निकाल एकतर्फी लागे. मग दरखास्त, जप्ती, लिलाव आणि पैसे न भरल्यास दिवाणी तुरुंग. सावकार प्रत्येक वेळी जमीन विकायला काढीच असे नाही. हुकूमनामा पेटीत असला, तरी रयत त्याच्या शेतावर राबे, पीक त्याच्या खळ्यावर टाके आणि सांगेल त्या कागदावर अंगठा करी. न्यायालयाच्या हुकमाचा खरा उपयोग या धाकासाठी होत असे.

जमिनीची स्थितीही बदलली होती. ब्रिटिश मोजणीने प्रत्येक सर्व्हे नंबरावर तीस वर्षांचा धारा (जमीन महसूल) ठरवला आणि खातेदाराला जमीन विकण्याची, गहाण ठेवण्याची मोकळीक दिली. जमीन विकाऊ झाली तशी ती तारण झाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. यादवी संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या मुदती संपून फेरआकारणी सुरू झाली. १८६७ पासून इंदापूर आणि नंतर इतर तालुक्यांत धारा बराच वाढला. उत्पन्न घटले, सरकारदेणे वाढले आणि सावकाराने हात आखडला. नवे कर्ज बंद झाले तरी जुन्या कर्जाचे दावे मात्र चालूच होते.

सुपे, १२ मे १८७५

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका मारवाडी सावकाराने तेथील देशमुखावर मिळवलेला हुकूमनामा बजावून त्याचे घर घेतले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. न्हाव्याने त्याची दाढी करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही, त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, असे ठरले. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, जे आज बारामती तालुक्यात आहे, बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत असेच घडले.

या दंग्यांचे स्वरूप ठळक होते. जमाव खते, रोखे आणि हुकूमनामे मागे. सावकाराने ते दिले तर ते फाडून किंवा जाळून लोक निघून जात. मारहाण झाली ती बहुधा कागद द्यायला नकार मिळाला तेथे. रयतेच्या लेखी अन्यायाचे मूळ त्या कागदात आणि त्याला मिळणाऱ्या कोर्टाच्या शिक्क्यात होते, हे यातून उघड झाले.

सरकारने डेक्कन रायट्स कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८७६ साली तयार झाला. दंग्याच्या टापूतील सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतले आहेत, असे कमिशनला आढळले. मुदतीचा कायदा, एकतर्फी निकाल, दिवाणी कैद आणि रयतेचे अज्ञान यांवर अहवालाने बोट ठेवले. कमिशनचे सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वेगळे टिपण जोडून वाढलेल्या धाऱ्यालाही जबाबदार धरले. सरकारला ते रुचणारे नव्हते. पुढचा कायदा न्यायालयांपुरता राहिला आणि धाऱ्याला त्याने हात लावला नाही, याचे एक कारण येथे सापडते.

लोकांच्या बाजूनेही हालचाल चालू होती. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० च्या दशकात रयतेच्या स्थितीवर लिहीत होती. तिचे अध्वर्यू गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी तंटे आपसांत मिटवण्यासाठी लवाद कोर्टाचा प्रयोग केला. न्यायखात्यातील विल्यम वेडरबर्न यांनीही पंचायतीच्या धर्तीवर समेटाचा पुरस्कार केला. त्यातच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले आणि त्यांच्या लोकांनी पुणे जिल्ह्यात सावकारांची घरे लुटली. दंगे, दुष्काळ आणि बंड एकामागून एक आल्यावर सरकारला थांबणे परवडणारे नव्हते. सर रिचर्ड टेंपल मुंबईचे गव्हर्नर आणि लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, मुंबईच्या मुलकी सेवेतील थिओडोर होप यांनी जुलै १८७९ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचा कायदा झाला.

कायद्याने न्यायालय कसे बदलले

पहिला बदल न्यायाधीशाच्या भूमिकेत झाला. शेतकऱ्यावरचा दावा तो राहतो त्या ठिकाणच्या न्यायालयातच लावायचा होता. प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले आणि केवळ तो आला नाही म्हणून वादीचा आकडा मान्य करण्याची वाट अरुंद झाली. बाराव्या कलमाने न्यायाधीशाला शेवटच्या खताच्या मागे जायला लावले. देवघेव पहिल्यांदा कधी सुरू झाली, प्रत्यक्ष किती पैसे दिले गेले आणि किती परत आले, हा सारा इतिहास त्याने तपासायचा होता. मधल्या काळात दोघांनी हिशेब मिटवून नवे खत केले असले तरी ते या तपासाच्या आड येत नव्हते. कर्जदाराने कर्ज कबूल केले तरी काम संपत नसे. ही कबुली खरी आहे आणि आपले कायदेशीर हक्क पुरते समजून दिलेली आहे, अशी खात्री न्यायाधीशाला पटावी लागे आणि तिची कारणेही नोंदवावी लागत.

तेराव्या कलमाने हिशेबाची रीत सांगितली. मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी मांडायची, साचलेले व्याज मुद्दलात मिळवायचे नाही आणि व्याज सरळ धरायचे. कर्जदाराला आपण होऊन हिशेबासाठी दावा लावता येऊ लागला. गहाण सोडवण्याच्या दाव्यांतही हीच तपासणी लागू झाली. दर तीन वर्षांनी खत बदलण्याचे कारणच राहू नये म्हणून मुदत वाढवली गेली: नोंदलेल्या दस्तऐवजावर १२ वर्षे आणि न नोंदलेल्यावर ६ वर्षे.

दुसरा बदल हुकूमनाम्याच्या ताकदीत झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक किंवा कैद करता येणार नव्हती. खास गहाण लिहून दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करून विकता येणार नव्हती. फार तर कलेक्टरने ती जास्तीत जास्त सात वर्षे आपल्या ताब्यात घेऊन उत्पन्नातून देणे फेडायचे होते. रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा न्यायालय देऊ शके आणि दरखास्तीच्या टप्प्यावरही हप्ते बांधून देता येत. अगदी बुडालेल्यासाठी दिवाळखोरीची सोपी तरतूद होती.

तिसरा बदल न्याय गावाजवळ नेण्याचा. दहा रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुन्सफ नेमायचे होते. त्याहून मोठ्या दाव्याआधी समेटाची पायरी सक्तीची झाली. सरकारने नेमलेल्या कन्सिलिएटरपुढे दोन्ही पक्षांनी जायचे, तडजोड झाली तर ती न्यायालयात दाखल होऊन हुकूमनाम्यासारखी अमलात यायची. ती झाली नाही तर त्याचा दाखला मिळे आणि त्या दाखल्यावाचून दावाच घेतला जात नसे. या पायरीवर वकिलांना मज्जाव होता आणि लहान दाव्यांतही त्यांच्यावर बंधन होते. उलट, गरीब शेतकऱ्याची बाजू मांडायला कोणी नसेल तर न्यायालय त्याला वकील देऊ शकत होते.

चौथा बदल कागदाबाबत. शेतकऱ्याने करून द्यायचा कर्जाचा दस्तऐवज गाव रजिस्ट्रारपुढे लिहिला जावा, पैसे भरल्यावर पावती मिळावी आणि मागितल्यास सावकाराने दरसाल हिशेब लिहून द्यावा, असे नियम आले.

विशेष न्यायाधीश

या दाव्यांत नेहमीचे अपील नव्हते. अपिलाच्या खर्चात सावकार टिके आणि रयत बुडे, म्हणून ते काढले होते. त्याऐवजी दुय्यम न्यायालयांची तपासणी करून चुकीचे निकाल दुरुस्त करण्यासाठी चार जिल्ह्यांकरिता विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण केले गेले. हे पद काही काळ डॉ. पोलन यांच्याकडे होते. महादेव गोविंद रानडे यांनी १८८० च्या दशकात आधी त्यांचे सहायक म्हणून आणि नंतर स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. १८९३ साली मुंबईच्या हायकोर्टावर जाण्यापूर्वीचा त्यांचा बराच काळ या कामात गेला.

कामाचे स्वरूप फिरतीचे होते. तालुक्याच्या गावी जाऊन दुय्यम न्यायाधीशाची दप्तरे उघडायची, बाराव्या कलमाची चौकशी खरोखर झाली आहे की नुसती नोंदली आहे ते पाहायचे, हिशेब पुन्हा मांडायचे. दाद मागायला वर जाण्याची ऐपत नसलेल्या पक्षकाराकडे वरिष्ठ न्यायाधीशच चालत येई. ग्रामीण कर्ज आणि शेती यांवरचे रानड्यांचे अर्थशास्त्रीय लेखन या दप्तरांच्या ओळखीतून पक्के झाले.

परिणाम आणि पळवाटा

कायद्याचा पहिला परिणाम न्यायालयाच्या दारातच दिसला. शेतकरी प्रतिवादी हजर राहू लागले आणि एकतर्फी निकाल खूप कमी झाले. दिवाणी तुरुंगाची भीती गेली. आधी दावेही घटले. बरेच सावकार बाहेर तडजोड करू लागले, कारण जुन्या वह्या न्यायाधीशापुढे उलगडल्या जाणे त्यांना नको होते.

समेटाची यंत्रणा मात्र अपेक्षेइतकी चालली नाही. कन्सिलिएटर बिनपगारी होते आणि पक्षकाराला हजर करण्याची सक्ती त्यांच्या हाती नव्हती. कोठे भला पाटील किंवा वजनदार गृहस्थ खरेच तंटा मिटवी. इतरत्र दाखला मिळवण्याचा एक जादा हेलपाटा तेवढा वाढला. काही ठिकाणी सावकारांनी याच वाटेने कर्जदाराकडून कबुलीचे कागद करून घेतले आणि बाराव्या कलमाची चौकशी चुकवली. विसाव्या शतकात ही सक्ती काढून टाकण्यात आली.

सर्वांत मोठी पळवाट दस्तऐवजाच्या प्रकारात निघाली. कर्जरोख्याच्या मागे न्यायाधीश जातो आणि साध्या कर्जासाठी जमीन विकता येत नाही, हे पाहून सावकार खरेदीखतच मागू लागले. पैसे फिटले की जमीन परत देईन, एवढी तोंडी बोली. लेखी दस्तऐवजाच्या विरुद्ध तोंडी पुरावा घेण्यावर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे निर्बंध असल्याने न्यायालयाचे हात बांधलेले होते. अखेर १९०७ च्या दुरुस्तीने १०-अ हे कलम घातले गेले. खरेदी म्हणून लिहिलेला व्यवहार मुळात गहाणाचा आहे का, हे ठरवण्यासाठी न्यायालयाला तोंडी पुरावा पाहण्याची मुभा मिळाली.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. मोकळ्या कराराचे पाठीराखे म्हणत की पत आटेल. ती काही प्रमाणात आटलीही. जमीन गहाण न टाकता कर्ज मिळणे अवघड झाले. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात दाखवले की शिक्षणापासून वंचित शेतकरी कचेरीत आणि कोर्टात कारकुनांच्या व वकिलांच्या हातातच राहतो. ही उणीव नुसत्या कलमांनी भरून येणारी नव्हती. स्वस्त कर्जाची सोय व्हावी म्हणून वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेची योजना आखली, पण लंडनहून तिला मंजुरी मिळाली नाही. १८८३ आणि १८८४ साली तगाईचे, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचे, कायदे झाले आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्या दरम्यान, १८९१-९२ साली, एका कमिशनने मूळ कायद्याची तपासणी केली. दुरुस्त्या होत राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची काही महत्त्वाची कलमे इलाख्याच्या इतर भागांतही लागू झाली.

पुढची वाटचाल

खताच्या मागे जाण्याचे तत्त्व चार जिल्ह्यांपुरते राहिले नाही. १९१८ च्या अवाजवी व्याजाच्या कायद्याने देशभरातील न्यायालयांना जाचक व्यवहार पुन्हा उघडून हिशेब मांडण्याचा अधिकार दिला. पंजाबात १९०० साली शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावरच निर्बंध आले. त्यामागच्या चर्चेत दख्खनचा अनुभव होता. मुंबई प्रांतात १९३९ च्या कायद्याने कर्जनिवारणासाठी स्वतंत्र मंडळे नेमली. १९४७ च्या कायद्याने ते काम पुन्हा दिवाणी न्यायालयांकडे दिले. १८७९ च्या कायद्याची जागा या नव्या कायद्यांनी घेतली.

त्यातले विचार अजून वापरात आहेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात, सावकाराने कर्जापोटी खरेदीखताने घेतलेली जमीन चौकशीअंती शेतकऱ्याला परत देण्याची तरतूद आहे. १०-अ कलमाने ज्या फसवणुकीला तोंड दिले, तीच ही फसवणूक. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतींना वैधानिक आधार दिला. २००८ च्या कायद्याने ग्राम न्यायालयांची कल्पना मांडली. व्यापारी दाव्यांत तातडीचा हुकूम मागितला नसेल तर आधी मध्यस्थीची पायरी चढणे २०१८ पासून सक्तीचे आहे. कन्सिलिएटरच्या दाखल्याची आठवण करून देणारी ही तरतूद आहे.

दख्खनच्या या कायद्याची कमाई न्यायदानाच्या पद्धतीत आहे. दोन पक्ष असमान असतील तर समोरचा कागद मुकाट वाचणारा न्यायाधीश बलवानाच्याच उपयोगी पडतो, हे त्याने ओळखले आणि प्रश्न विचारणे हे न्यायाधीशाचे कायदेशीर कर्तव्य केले. त्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. न्यायालय जुना हिशेब नीट करू शकते, पण पुढच्या पेरणीचे बियाणे आणि सरकारी हप्त्याचा पैसा आणून देऊ शकत नाही. ते काम पतपुरवठ्याचे आणि धाऱ्याच्या धोरणाचे होते आणि तेथे सरकारने उशीर केला, म्हणून चौकशीची कलमे चोख असूनही चार जिल्ह्यांतला शेतकरी कर्जातून पुरता सुटला नाही.